पडदा कोणीं पाडला?

१५ फेब्रुवारी २०१९ रोजीं कोलकात्यांत अनिक दत्त यांचा ‘भविष्यतेर भूत’ हा उपहासपर बोलपट लागला. दुसऱ्याच दिवशीं बहुतेक चित्रगृहांनीं तो उतरविला. सेन्सॉरचें प्रमाणपत्र होतें, बंदीचा जाहीर हुकूम कोठेंच नव्हता. मग दाद मागावी कोणाविरुद्ध? राज्यघटनेचें १९ वें कलम सरकारचे हात बांधतें, चित्रगृहाच्या मालकाचे नव्हे, असें २०१९ सालीं सामान्यतः मानलें जाई. १५ व्या कलमान्वयें करमणुकीच्या जागीं जातिधर्मावरून कोणास अडवितां येत नाहीं खरें. परंतु तें संरक्षण दाराशीं उभ्या असलेल्या प्रेक्षकाला आहे, पडद्यावरील मताला नाहीं. मालकानें केवळ स्वतःच्या मर्जीनें खेळ थांबविला असता, तर निर्मात्यास करारभंगापलीकडे फारसें कांहीं म्हणतां आलें नसतें, असें आम्हांस वाटतें.

येथें मात्र मर्जी मालकाची नव्हती. प्रदर्शनापूर्वींच, ११ फेब्रुवारीस, पोलिसांनीं आपल्या अधिकाऱ्यांना बोलपट आधीं दाखवावा असें निर्मात्यास लिहिलें होतें. आणि अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून खेळ बंद केल्याचें एका चित्रगृहचालकानें कळविलें, तेंही प्रेक्षकांच्या हितासाठीं! सर्वोच्च न्यायालयानें ११ एप्रिल रोजीं हा पोलिसी अधिकार नाकारला, कलावंताच्या उच्चाराचें रक्षण करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें, आणि पश्चिम बंगाल सरकारकडून २० लाख रुपयांची भरपाई देवविली. तोंवर जवळजवळ दोन महिने लोटले होते. नव्या बोलपटाचा सारा हंगाम त्याहून लहान असतो.