फिरत्या घराचा राखणदार

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. शाळेच्या फाटकाशी एक लांबलचक पांढरी मोटार येऊन उभी राहिली. कुणी बडा अधिकारी तपासणीला आला की काय, म्हणून मी टोपी सावरत बाहेर आलो, तो आतून माझाच एक जुना विद्यार्थी उतरला. पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, घर दाखवायला आणलंय."

घरच होते ते! आत दोन बिछाने, एक चिमुकली चूल, पाण्याची टाकी, मुलांची पुस्तके, इतकेच काय, कोपऱ्यात देव्हारासुद्धा. म्हातारी आई, बायको आणि दोन मुले घेऊन हा गृहस्थ महिनाभर हिंडून आला होता. अशा गाड्यांना कॅराव्हॅन म्हणतात आणि 2021 साली आपल्या राज्य सरकारने त्यांच्या पर्यटनासाठी धोरणही आखले, ही माहिती त्यानेच मला पुरवली. पण बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. प्रवासात एके रात्री मंडळी जेवायला म्हणून बाहेर गेली, तेवढ्यात कुणीतरी काच फोडून आतली बॅग लांबवली होती. पैसे गेले त्याचे त्याला फारसे दुःख नव्हते. पण तेव्हापासून म्हातारीला गाडीत झोप येईना.

"नवी कुलपं बसवली, भोंगा बसवला," तो म्हणाला, "पण आईची भीती काही जात नाही. गुरुजी, तुम्ही इतिहास शिकवता. पूर्वीची माणसं महिनोन्‌महिने बैलगाडीनं हिंडायची. त्यांना काच नव्हती, कुलूप नव्हतं. ती कशी झोपत असतील?"

मी काही मोठा विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कादंबऱ्या लिहिणारा एक मास्तर. पण विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, की मला अन्न गोड लागत नाही. म्हणून पुढे दोन महिने जुनी पुस्तके चाळली. त्यातून जे हाती लागले ते, वाचकहो, या दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्यापुढे ठेवतो.

पूर्वीचा प्रवासी पहिली खबरदारी घ्यायची ती घर सोडण्यापूर्वीच. चोराला नेता येईल असे काही बरोबर घ्यायचेच नाही! दागिने घरी किंवा सावकाराकडे, आणि रोकड शक्यतो हुंडीच्या रूपाने. इथल्या पेढीवर पैसे भरावेत आणि कागद घेऊन काशीला जावे. तिथली पेढी पैसे देई. त्यातही आपल्या सावकारांची अक्कल पाहा. शाहजोग हुंडी नावाचा एक प्रकार होता. तिचे पैसे वाटेल त्याच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेल्या सावकारामार्फतच ती वटे. वाटेत चोराने कागद पळवला, तरी तो घेऊन जाणार कुठे? जोखमी हुंडी तर याहून पुढची. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यायचे. म्हणजे विमाच म्हणा ना. वरखर्चापुरते नाणे तेवढे कमरेच्या कशात, नाहीतर बंडीच्या अस्तरात शिवलेले.

दुसरी खबरदारी मुक्कामाची. या विद्येत बंजाऱ्यांचा हात कुणी धरू शकत नसे. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे तांडे दख्खनभर फिरत. मोठमोठ्या फौजा त्यांच्याच धान्यावर जगल्या. सारा संसार बरोबर, म्हणजे तांडा हे एक चालते गावच. सांज झाली की बैलांच्या पाठीवरच्या गोणी उतरवून त्यांचीच भिंत रचायची, आत बायकामुले, बाहेर कुत्री. कुणी पाऊल टाकले की आधी कुत्री भुंकणार. साधा गाडीवानही हीच युक्ती आपल्यापुरती वापरी. रात्री बैल गाडीच्या चाकालाच बांधायचे, गळ्यातल्या घंटा काढायच्या नाहीत आणि आपण गाडीखाली पथारी टाकायची. परक्याचा हात लागताच बैल बुजतो, मान हलवतो आणि घंटा वाजते. माझ्या विद्यार्थ्याने हजारो रुपये खर्चून जो भोंगा बसवला, तो आमच्या आजोबांच्या बैलाच्या गळ्यातच होता!

आणि मुक्काम आडरानात नाही, तर देवळात, धर्मशाळेत किंवा गावच्या चावडीजवळ. अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचे पुण्य आपण गातो. पण एकट्यादुकट्या प्रवाशाला रात्री चार माणसांत झोपता यावे, हाही त्यातला केवढा मोठा उपकार!

आता तिसरी आणि खरी महत्त्वाची गोष्ट. चावडीवर उतरलेल्या पाहुण्याचा भार गावावर असे. रामोशी, महार, बेरड हे गावचे जागले. रात्री गस्त घालणे आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढणे हे त्यांचे काम. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने 1819 साली या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यातही गावच्या जागल्याची ही जबाबदारी नोंदली आहे. धुळीतली पावले पाहत जागल्या शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावात शिरला की तो तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. अशी ही साखळी चाले, आणि ज्या गावात माग हरवे त्या गावावर भरपाईची पाळी येई. प्रवाशाला कुलूप लागत नव्हते ते यामुळे. त्याच्या गाडीची राखण करणाऱ्याला नाव होते, गाव होते आणि त्या कामाबद्दल वतन किंवा बलुते होते.

इथे कुणी म्हणेल, "मास्तर, जुन्या काळाचे फार गोडवे गाऊ नका. ठग विसरलात का?" विसरलो नाही. ठगांचे तर सारे कसब गोड बोलण्यातच होते. वाटेत सोबत करायची, एका पंगतीला बसायचे आणि विश्वास बसला की रुमालाने गळा आवळायचा. 1830 नंतरच्या काही वर्षांत स्लीमनने त्यांचा बंदोबस्त केला आणि 1836 मध्ये ठगांसाठी वेगळा कायदा झाला. सरकारी कागदांत ठगांचे चित्र वाजवीपेक्षा भडक रंगवले आहे, असे म्हणणारे इतिहासकारही आहेत. तरी वाट निर्धोक नव्हती, हे खरेच. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीत गोऱ्या शिपायांची लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि अंगावर सोसली. त्यांच्या प्रवासाची हकीगत 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी छापली, म्हणून ती आपल्याला वाचायला मिळते. पैशाच्या नावाने शून्य, पण गंगेची कावड मात्र त्या माणसाने खांद्यावरून घरी आणली आणि आईबापांना स्नान घातले!

तेव्हा भेटेल त्यावर विश्वास टाका, असे जुने लोक सांगत नव्हते. वाटेत आपण होऊन चिकटलेला सोबती वेगळा आणि गावाने जबाबदारी देऊन नेमलेला जागल्या वेगळा. हा फरक त्यांना नेमका कळत होता.

मग ही व्यवस्था मोडली कशी? राखणदाराचे पोट सुटले तशी ती मोडली. पुरंदरच्या परिसरातले रामोशी पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण करीत आले होते. राज्य बदलले, कंपनीचा अंमल आला आणि त्यांचे जुने हक्क गेले. त्यांच्यातलाच भिवडीचा उमाजी नाईक. ज्याच्या वाडवडिलांनी गडाचे दरवाजे राखले, तो सरकारच्या लेखी दरोडेखोर ठरला. लोकांच्या लेखी राजा. 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्याला फाशी दिले. गंमत अशी की त्याच पुण्यात घरची चोरी टाळायची तर दाराशी रामोशी ठेवावा, असा रिवाज पुढेही चालू राहिला आणि साहेबलोकांनीही तो पाळला. राखण कुणाला येते, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण कायद्याला ते लिहिता आले नाही.

कायद्याने लिहिले ते भलतेच. 1871 साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 च्या नव्या कायद्याने तो आपल्याकडेही आला. चोरी केली म्हणून गुन्हेगार नव्हे, तर अमक्या जातीत जन्मला म्हणून गुन्हेगार! रोज चावडीवर हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. ज्यांचे सारे आयुष्य पालात, म्हणजे फिरत्या घरात गेले, त्यांचेच पाय बांधले गेले.

आता आपल्या कोल्हापूरकडे या. शाहू महाराज मोठे फिरस्ते. राजवाड्यात त्यांचे मन रमत नसे. सोनतळीच्या कॅम्पवर राहावे, खडखड्यात बसून रानोमाळ हिंडावे, शिकार करावी, हा त्यांचा छंद. आपल्या मुक्कामाचा पहारा कुणाकडे द्यावा, हा प्रश्न राजालाही पडतोच. महाराजांनी तो पहारा फासेपारध्यांकडे दिला! ज्यांना पाहून लोक दारे लावून घेत, ते राजाच्या दाराशी उभे राहिले. त्यांना काम दिले, राहायला जागा दिली. आणि 1918 साली संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली. इंग्रजी मुलखातला तो कायदा जायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावा लागला. महाराज त्याच्या 34 वर्षे पुढे होते. मला यात नुसती दया दिसत नाही. रानाची खडान्‌खडा माहिती असलेला, अंधारात पाऊल ओळखणारा माणूस पहाऱ्यावर ठेवणे, हे शहाणपणही होते. उमाजीच्या वेळी तुटलेला धागा महाराजांनी पुन्हा जोडला.

इथपर्यंत लिहून मी थांबणार होतो. पण हे सारे वाचताना एक आठवण सारखी वर येत राहिली. ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

मी दहाएक वर्षांचा असेन. चैत्री यात्रेला आम्ही बैलगाडीने जोतिबाला निघालो होतो. गाडीवर बांबूच्या कमानी, वर ताडपत्री, आत आजी आणि आम्ही पोरे. डोंगराच्या पायथ्याला मुक्काम पडला. जवळच पारध्यांची दोन-तीन पाले होती. रात्री आजीला जाग आली, तिने चाचपून पाहिले, तो नवसाच्या पैशांचा पितळी डबा जागेवर नाही! एकच गलका झाला. कुणी काही पाहिले नव्हते, पण सगळ्यांचे बोट एकाच दिशेला गेले. पालातल्या एका तरण्या माणसाला लोकांनी ओढत आणले आणि मारले. मी ताडपत्रीच्या फटीतून पाहत होतो. तो हात जोडून एकच सांगत होता, "मी नाही घेतला." त्याची बायको लेकरू कडेवर घेऊन लांब उभी होती.

पहाटे बैलांना वैरण घालायला काकांनी पेंढी उपसली, तो खाली डबा! झोपण्यापूर्वी चोराच्या भीतीने आजीनेच तो तिथे लपवला होता आणि झोपेच्या गुंगीत विसरली होती. आजी मटकन खाली बसली. "म्याच ठेवला हुता की रं!" एवढेच तिला बोलता आले. मग तिने पुरणाच्या पोळ्या फडक्यात बांधल्या आणि पालांकडे गेली. मी तिच्यामागून गेलो. पाले उठली होती. तीन दगडांच्या चुलीत निखारा अजून धुगधुगत होता, आणि धुळीत त्यांच्या पावलांचा माग रस्त्याकडे गेला होता.

आजी पुढे पंधरा वर्षे जगली. पण जोतिबाच्या वाटेवर तिने पुन्हा कधी कुलूप-डबा बरोबर घेतला नाही. पाले दिसली की गाडी थांबवायची, पोरांच्या हाती काहीतरी द्यायची. ज्याला द्यायचे होते तो काही तिला भेटला नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी पत्र लिहिले. "मौल्यवान वस्तू घरी ठेव. कागदपत्रे एकाच बॅगेत कोंबू नकोस. गाडी उजेडात आणि माणसांत लाव. शक्य तर देवळाजवळ किंवा ज्याचा मालक ओळखीचा झाला आहे अशा ढाब्यावर. कुलूप चांगले लाव, त्यात लाज नाही. पण मुक्कामाला उतरलास की आधी तिथल्या राखणदाराला भेट. त्याचे नाव विचार, त्याला चहा पाज, त्याच्या कामाचे चार पैसे दे आणि आईची ओळख करून दे. गाडी कोणाच्या भरवशावर आहे, हे तिला कळले की तिला झोप लागेल. आणि काही हरवलेच, तर बोट दाखवण्यापूर्वी पेंढीखाली पाहा."

परवा त्याचा फोन आला. कोकणात एका देवळाच्या आवारात त्यांनी मुक्काम केला होता. तिथला म्हातारा राखणदार आणि याची आई रात्री दहापर्यंत गप्पा मारीत बसली होती, म्हणे. भोंगा लावायचा राहूनच गेला.

आता दिवाळी आली. आमच्या गल्लीतली मुले किल्ला करताहेत. सकाळी त्यांचे मोठे भांडण झाले. सिंहासनावर महाराज बसवून झाले होते, तोफा लागल्या होत्या. पण दरवाजावर ठेवायचा मातीचा पहारेकरी सापडत नव्हता. मी म्हटले, "अरे, राहू द्या की तेवढा एक!" तर त्यातला सर्वांत धाकटा माझ्याकडे रागाने पाहून म्हणाला, "गुरुजी, असं कसं? मग महाराज झोपतील कसे?"

मी निमूटपणे बाजारात गेलो आणि पहारेकरी घेऊन आलो.