घरची इस्त्री, दारचा कायदा

'परीटघडी' हा शब्द तुम्ही शेवटचा कधी वापरलात? अमेरिकेत आल्यावर तो बहुधा मागे पडतो. ड्रायरमधून काढलेले शर्ट गरम असतानाच झटकून हँगरला लावायचे, फार तर एखाद्या मीटिंगपुरती कॉलरवरून इस्त्री फिरवायची, एवढ्यावर आपले भागते. मग गणपती येतात. ढोलपथकाचे पांढरे कुर्ते निघतात, बॅगेच्या तळाशी चुरगळलेल्या सुती साड्या निघतात, आणि मंडळातले कुणीतरी विचारते, "इथे घरगुती इस्त्री करून देणारे कुणी आहे का हो?" ते ऐकणाऱ्या दहाजणींपैकी एकीच्या मनात येते, गॅरेज रिकामेच आहे, टेबल आहे, वाफेची चांगली इस्त्री आहे, नगावर दर लावून आपणच का करू नये?

हा विचार तुमच्याही मनात कधी आला असेल, तर एक गोष्ट सांगायची आहे. या देशात तो तुमच्या आधी हजारो माणसांनी केला. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता म्हणून केला. आणि आज गॅरेजमध्ये टेबल मांडण्यापूर्वी जे नियम तुम्हाला विचारावे लागतात, त्यांतले काही त्याच माणसांना रोखण्यासाठी जन्माला आले, तर काही त्यांनी लढून मिळवले.

सुरुवात अटलांटापासून करू. गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात तिथल्या कृष्णवर्णीय बायकांना मिळणारे काम म्हणजे गोऱ्यांच्या घरातली चाकरी किंवा धुणे. पुष्कळजणींनी धुणे निवडले. का, ते समजायला अवघड नाही. चाकरी मालकिणीच्या डोळ्यांसमोर, तिच्या वेळेने करावी लागे. धुणे मात्र घरी आणता येई. सोमवारी गाठोडी गोळा करायची, स्वतःच्या अंगणात धुवायचे, वाळले की इस्त्री करायची, शनिवारपर्यंत घड्या पोचवायच्या. मुले नजरेसमोर राहत आणि शेजारणी सोबतीला असत. साबण त्या स्वतः बनवत, खळ गव्हाच्या कोंड्याची करत, आणि बिअरची पिंपे अर्धी कापून त्यांच्या धुण्याच्या टोपल्या होत. एवढ्या राबणुकीची महिन्याची कमाई होती चार ते आठ डॉलर.

जुलै १८८१ मध्ये यांतल्या वीस जणींनी एक संघटना काढली. मागणी साधी होती. बारा पौंड कपड्यांना एक डॉलर, हा दर सगळ्यांना सारखा. घरोघर फिरून त्यांनी बायका जमवल्या आणि तीन आठवड्यांत वीसच्या सुमारे तीन हजार झाल्या. शहरातली ओली-सुकी गाठोडी तशीच पडून राहिली. धरपकड झाली, दंड झाले. मग नगरपरिषदेने हुकमाचा एक्का काढला. संघटनेतल्या प्रत्येक धोबिणीने वर्षाला पंचवीस डॉलरचा परवाना घ्यावा, असा ठराव पुढे आला. म्हणजे तीन ते सहा महिन्यांची कमाई!

बायकांनी महापौरांना जे उत्तर धाडले ते इतिहासकार टेरा हंटर यांच्या पुस्तकामुळे आज सर्वांना ठाऊक झाले आहे. त्याचा मथितार्थ असा, की पंचवीस काय, पन्नास डॉलरही भरू, पण मग परवान्याच्या जोरावर शहराचे सगळे धुणे आमच्या ताब्यात राहील, हे लक्षात असू द्या. परवाना हे त्यांच्याविरुद्ध उगारलेले हत्यार होते. त्यांनी ते हातात घेऊन उलटे फिरवून दाखवले. परिषदेने अखेर तो ठराव फेटाळला.

आता पश्चिम किनाऱ्यावर चला. सॅन फ्रान्सिस्कोत सोन्याच्या शोधात आलेल्या पुरुषांच्या गर्दीत कपडे धुणारे हात फार थोडे होते. चिनी स्थलांतरितांनी ही गरज ओळखली. यात एक गंमत आहे. चीनमध्ये कपडे धुणे हे बायकांचे काम. तिथून आलेले हे पुरुष घरून काही धोबी म्हणून आले नव्हते. खाणीतून त्यांना हुसकले गेले, बाकीच्या धंद्यांची दारे बंद झाली, आणि जे उरले ते होते टब, इस्त्री आणि आठवड्याचे सातही दिवस. भांडवल थोडे लागे, इंग्रजी थोडी लागे. दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा फळीवर झोपायचे, पुढच्या खोलीत इस्त्री करायची. घर आणि धंदा एकच.

धंदा जमला तसे नियमही आले. कपडे पोचवायला घोडा न वापरणाऱ्या लाँड्रीवर जादा कर बसला. घोडे परवडत नव्हते ते चिनी लोकांना, हे सगळ्यांना ठाऊक होते. मग रात्री दहा ते सकाळी सहा इस्त्री करायला बंदी आली. ती प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १८८५ साली चिनी धोबी हरले. आगीचा धोका हे कारण न्यायालयाला पटले.

१८८० च्या नियमातही कारण आगीचेच होते. लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर पर्यवेक्षक मंडळाची परवानगी हवी. शहरात सुमारे ३२० लाँड्र्या होत्या, त्यांतल्या ३१० लाकडी इमारतींत. वाचायला नियम कसा सरळ वाटतो! पण परवानगी द्यायची कुणाला आणि नाकारायची कुणाला, याचा निकष त्यात कुठेच नव्हता. सुमारे दोनशे चिनी मालकांनी अर्ज केले, सगळ्यांना नकार मिळाला. चिनी नसलेल्या ऐंशीएक अर्जदारांपैकी एक सोडून सर्वांना परवानगी मिळाली.

'यिक वो' ही त्यांतलीच एक लाँड्री. तिचा मालक बावीस वर्षे त्याच जागेत कपडे धूत आणि इस्त्री करत होता. इमारत सुरक्षित असल्याचा अग्निरक्षकांचा दाखला त्याच्याकडे होता. परवानगी नाकारल्यावरही त्याने काम सुरू ठेवले. दहा डॉलर दंड झाला. तो भरायला त्याने नकार दिला आणि दहा दिवसांची कैद पत्करली. शेरीफचे नाव हॉपकिन्स, म्हणून खटला 'यिक वो विरुद्ध हॉपकिन्स' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला. १० मे १८८६ रोजी न्यायमूर्ती स्टॅन्ली मॅथ्यूज यांनी एकमताचा निकाल दिला. कायदा कागदावर निष्पक्ष असला, पण तो राबवणारा हात पक्षपाती असेल, तर तो समानतेचा भंगच आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचे संरक्षण फक्त नागरिकांना नाही, या भूमीवर राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला आहे.

जरा थांबून ती तारीख पाहा. त्याच्या दोनच महिने आधी, ११ मार्च १८८६ रोजी, फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. आपल्या अमेरिकेतल्या इतिहासाची सुरुवात आपण आनंदीबाईंपासून मोजतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या १८८३ साली या देशात उतरल्या तेव्हा चिनी मजुरांना बंदी करणारा १८८२ चा कायदा लागू झालेला होता. पुढे १९१७ च्या कायद्याने ती भिंत भारतापर्यंत वाढवली. तुम्ही आज व्हिसावर असाल, ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल, तरी कायद्यासमोर 'व्यक्ती' म्हणून उभे राहता, याच्या मुळाशी एका धोब्याची दहा दिवसांची कैद आहे.

मात्र गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. त्याच सुमारास, १८८५ साली, कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावाने वेगळी युक्ती काढली. परवानगीचा प्रश्नच नको. लाँड्री फक्त गावाच्या ठरावीक भागात, रेल्वे रुळांच्या पलीकडे, चालवता येईल, बाकी गावात नाही. चिनी वस्ती त्याच भागात होती. कुणाचे नाव न घेता, फक्त नकाशावर रेघ ओढून काम झाले. ही रेघ न्यायालयात टिकली. कोणत्या भागात घरे आणि कोणत्या भागात धंदे, हे ठरवणाऱ्या झोनिंगच्या अमेरिकन कायद्यांतले हे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानले जाते. पुढे १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगला मान्यता दिली आणि देशभर निवासी भाग आखले गेले.

आज तुम्ही घरगुती इस्त्रीसाठी नगरपालिकेत चौकशी करायला गेलात, तर 'होम ऑक्युपेशन'चे नियम समोर येतात. बाहेर पाटी लावू नका, गिऱ्हाइकांच्या गाड्यांची गर्दी नको, बाहेरचा नोकर ठेवू नका, घराचा ठरावीक भागच वापरा. गावोगावी तपशील वेगळे. यांतले बरेचसे शेजाऱ्यांच्या सोयीचे आहेत, हे खरेच. शाळेच्या रस्त्यावर ट्रकची रांग कुणाला आवडेल? पण घरात धंदा नको, या कल्पनेच्या वंशावळीत मोडेस्टोची ती रेघही आहे, हे माहीत असलेले बरे.

या काळात खुद्द इस्त्रीही बदलत होती. विजेआधीच्या लोखंडी इस्त्रीला 'सॅड आयर्न' म्हणत. इथे 'सॅड' म्हणजे दुःखी नव्हे, जड. अशा तीन-चार इस्त्र्या चुलीवर तापत ठेवायच्या, एक निवली की दुसरी उचलायची. १८७१ साली आयोवातल्या मेरी फ्लॉरेन्स पॉट्स यांनी काढता-घालता येणाऱ्या लाकडी मुठीचे पेटंट घेतले आणि हात भाजणे थांबले. १८९२ साली सेरा बून यांनी बाही आणि बायकांच्या पोशाखासाठी निमुळत्या फळीचे पेटंट घेतले. त्या गुलामगिरीत जन्मलेल्या आणि कनेक्टिकटमध्ये शिवणकाम करणाऱ्या होत्या. आजच्या तुमच्या इस्त्रीच्या टेबलाचा तो निमुळता आकार त्या फळीच्या जातीचा. विजेच्या इस्त्रीचे पेटंट १८८२ चे, पण दिवसा घरात वीज नसे, दिवे लागायच्या वेळीच ती येई. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टॅरियो गावच्या वीज कंपनीतल्या अर्ल रिचर्डसन यांनी मंगळवारी दिवसभर वीज चालू ठेवायला लावली, कारण मंगळवार हा इस्त्रीचा वार. पुढे त्यांच्या इस्त्रीचे 'हॉटपॉइंट' झाले.

विजेने घराघरात इस्त्री नेली, वाफेवरच्या मोठ्या लाँड्र्या आल्या, पण छोट्या माणसामागचा परवान्याचा ससेमिरा सुटला नाही. १९३३ साली मंदीच्या ऐन भरात न्यूयॉर्कमध्ये एकट्या माणसाच्या लाँड्रीवर वर्षाला पंचवीस डॉलर शुल्क आणि हजार डॉलरचा जामीन लावण्याचा प्रस्ताव आला. चिनी धोब्यांनी आपली संघटना उभारली आणि तो आकडा दहा आणि शंभर डॉलरवर आणला. अटलांटाच्या पंचवीस डॉलरची आठवण झाली ना?

आणि आता एक हिशेब सांगतो. मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गमध्ये ओसिओला मॅकार्टी नावाची बाई राहत असे. आजारी मावशीच्या देखभालीसाठी सहावीत शाळा सोडली आणि जन्मभर घरीच लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केली. मध्ये वॉशिंग मशीन घेऊन पाहिले, पण त्याचे काम मनाला येईना, म्हणून पुन्हा हाताने धुऊ लागली. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी संधिवाताने हात थांबले. १९९५ साली तिने आपल्या बचतीतले दीड लाख डॉलर युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न मिसिसिपीला गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दिले. १९६५ पर्यंत या विद्यापीठात तिच्या वर्णाच्या मुलांना प्रवेशही नव्हता. १९९६ साली हार्वर्डने तिला मानद पदवी दिली.

तिची गोष्ट वाचताना गाडगे महाराज आठवतात. १८७६ साली परीट घरात जन्मलेल्या या माणसानेही शाळा पाहिली नाही, आणि मिळालेला पैसा धर्मशाळा आणि मुलांच्या शिक्षणाकडे वळवला. पण साम्यासोबत एक कडू गोष्टही मान्य करायला हवी. आपल्याकडे बलुतेदारीत परटाचा मुलगा परीट, हे जन्मानेच ठरे. इथे कृष्णवर्णीय बाईला आणि चिनी पुरुषाला तेच काम उरेल अशी व्यवस्था कायद्याने आणि रिवाजाने केली. दोन्हीकडे कपड्यांना मान होता, ते स्वच्छ करणाऱ्या हातांना नव्हता. आपण पदव्या घेऊन आलेली माणसे. इस्त्रीचा धंदा म्हटल्यावर आपल्यातल्या काहींचे नाक अजून मुरडते. ते नाक इथले नाही, गावाकडून आपल्यासोबत आलेले आहे.

आपल्यातही दारे बंद असलेल्या बायका आहेत. एच-४ व्हिसावरच्या कितीतरी जणी घरी बसून आहेत. २०१५ पासून त्यांतल्या काहींना कामाचा परवाना मिळू लागला, सगळ्यांना नाही. तो नसेल तर शेजारणीचे कुर्ते पैसे घेऊन इस्त्री करणेही नियमात बसत नाही, तेव्हा आधी ते तपासा. असेल, तर गावचे झोनिंग पाहा, भाड्याचे घर असेल तर करार पाहा, गिऱ्हाइकाच्या पैठणीला डाग पडला तर भरपाई कोण देणार ते आधीच ठरवा, आणि नगाचा दर लावताना स्वतःच्या तासाची किंमत त्यात धरा. अटलांटाच्या बायकांनी पहिली मागणी दराचीच केली होती, ती उगाच नव्हे.

आणि कुठल्या खिडकीवर अर्ज नाकारला गेला, तर कारण लेखी मागा. नियम काय आहे एवढेच विचारून परत फिरू नका. तो इतरांना कसा लावला, हेही विचारा. हा प्रश्न विचारण्याचा हक्क सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका इस्त्रीवाल्याने तुमच्यासाठी मिळवून ठेवला आहे.