तळटीप १२ : ‘आशाताईंचे अडीचशे’
१२. नवजात बाळाच्या गृहभेटींसाठी केंद्र सरकारने २०११ साली ठरवलेला आशा स्वयंसेविकेचा मोबदला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. रक्कम तीच, म्हणजे भेटीमागे सुमारे ४२ किंवा ३६ रुपये. सरकारलेखी हे वेतन नव्हे, म्हणूनच वेळ आणि अंतर हिशेबात धरलेले नाहीत. वजनाची नोंद, लसी आणि जन्मनोंदणी यांखेरीज बेचाळिसाव्या दिवशी बाळ-बाळंतीण सुखरूप असणे, हीदेखील अट घातली होती. अटी नसतील तर खोट्या भेटी नोंदल्या जातील, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी वजनाची नोंद पुरते. बाळ दगावले तरी वसई-विरारमधल्या नालासोपाऱ्याच्या चाळींतली आशाताईची पायपीट झालेलीच असते. तिचे पैसे अडवणे अन्यायाचेच.