नावाची नक्षी आणि अक्षराचा आकडा

आमच्या लोणंदमधल्या पोरांचे मोबाइल पाहिले तर एक गोष्ट पटकन नजरेत भरते. कुणाचेच नाव साध्या अक्षरांत नसते. समीर असो की सागर, नाव रोमन लिपीत, वळणदार, जाड किंवा चौकटीतल्या अक्षरांत आणि दोन्ही बाजूंना वेलबुट्टी. इंटरनेटवर साधे नाव टाकायचे, पन्नास नमुने समोर येतात, आवडेल तो उचलायचा. हा छंद जुनाच आहे, पण आता त्यात एक फरक पडला आहे. तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सातारा, वाई, फलटणचा हा मुलूख कधीकाळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात (१५८०–१६२७) त्या दरबारात सुलेखनकाराचा मान मोठा होता. खलीलुल्लाह या सुलेखनकाराला तर बादशहाने 'कलमेचा बादशहा' असा किताब दिला होता. इब्राहिम रोजाच्या खिडक्या पाहाव्यात. दगड कोरून अरबी अक्षरांचीच जाळी केली आहे. अक्षरांमधून उजेड आत येतो. इतकी नक्षी असूनही जाणकार माणूस ते अक्षर वाचू शकतो.

त्याहून मजेशीर गोष्ट गोलघुमटाच्या दारावर आहे. तिथे मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूविषयी तीन छोटी वाक्ये कोरली आहेत. प्रत्येक वाक्यातल्या अक्षरांचे आकडे मिळवले की बेरीज १०६७ येते. ते हिजरी वर्ष, म्हणजे इ.स. १६५६. या पद्धतीला अबजद म्हणतात. अलिफचा १, बेचा २, जीमचा ३, दालचा ४, असा प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा. ट्रकच्या कपाळावर दिसणारे ७८६ तिथूनच आले. ती बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज आहे.

आता गंमत बघा. संगणकही अक्षर ओळखतो ते आकड्यानेच. जगातल्या लिपींना असे आकडे देणाऱ्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. त्यात आपल्या 'अ'चा आकडा २३०९ आहे. २००३ साली संपूर्ण बिस्मिल्लाह एकाच चिन्हात बसवून त्याला ६५०२१ हा आकडा दिला गेला. २०१४ साली मोडी लिपीलाही तिचे आकडे मिळाले.

पोरांची नक्षीदार अक्षरे येतात ती याच यादीतून. २००१ साली गणितज्ञांच्या सोयीसाठी जाड, तिरपी, वळणदार अशी जवळपास हजार चिन्हे यादीत आली. समीकरणात साधा 'एक्स' आणि जाड 'एक्स' यांचा अर्थ वेगळा असतो, म्हणून ती वेगळी ठेवावी लागली. साध्या रोमन 'एस'चा आकडा ८३, तर वळणदार गणिती 'एस'चा १,२०,०३४. समीरने नाव सजवले असे आपल्याला वाटते, पण संगणकाच्या लेखी त्याने नावातली अक्षरे काढून तिथे गणिताची चिन्हे ठेवलेली असतात. नावाच्या दोन्ही बाजूंची वेलबुट्टी जावा बेटाच्या लिपीतली आहे. हसरा चेहरा म्हणून वापरतात ते जपानी 'त्सु' अक्षर. आणि दोन चौकोन एकमेकांवर ठेवल्यासारखा जो तारा दिसतो, तो अरबी छपाईच्या कुराणात हिज्बचा चौथा भाग दाखवणारी खूण आहे. कुराणाचे हिज्ब ६०, म्हणजे असे भाग २४०. ती खूण 'किंग' आणि 'बॉस'च्या शेजारी बसलेली पाहून मला राग येत नाही. कुणाला माहीतच नसते.

देवनागरीला अशी नक्षीदार अक्षरे या यादीत नाहीत. म्हणूनच आपली पोरे नाव सजवायचे म्हटले की रोमनकडे वळतात.

मराठीने याच्या उलट बाजूचा त्रास भोगला आहे. युनिकोड रुळण्याआधी आपले बहुतेक फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी वळणे बसवून बनवलेले होते. कागदावर सुंदर मराठी, आत मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. माझ्याकडे एका निकाहपत्रिकेची जुनी फाइल आहे. आज ती उघडली की वधूवरांच्या नावांच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे दिसतात. त्या काळातली किती मासिके, स्मरणिका, प्रबंध असेच अडकून पडले आहेत. शोधायला जावे तर एक शब्द सापडत नाही. तेव्हा दिसायला मराठी होते पण आत नव्हते. आता दिसायला नाव असते पण आत नसते.

यात नुकसान कुणाचे होते? आमच्या ओळखीत एक दृष्टिहीन हाफिजसाहेब आहेत. त्यांचा मोबाइल त्यांना मजकूर वाचून दाखवतो. गेल्या वर्षी त्यांच्या जुन्या दोस्ताचा इंतकाल झाला. कुणीतरी मय्यतचा निरोप ग्रुपवर टाकला, आणि अदब म्हणून मरहूमचे नाव व दफनाची वेळ नक्षीदार अक्षरांत लिहिली. मोबाइलने बाकीचे वाचले, नाव आणि वेळ तेवढी गाळली. कुणाचा तरी जनाजा आहे एवढेच हाफिजसाहेबांना कळले. कुणाचा, ते समजले दुसऱ्या दिवशी. ते एवढेच म्हणाले, "मिट्टी द्यायची राहून गेली."

निरोप लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. म्हणून हे सांगायला हवे.

नक्षीला विरोध नाही. ज्या परंपरेत खत म्हणजे सुलेखन ही इबादतीइतकी मन लावून करायची गोष्ट होती, तिच्या वारसांनी नक्षीला नाके मुरडू नयेत. पण विजापूरचा कारागीर अक्षर वळवत होता, बदलत नव्हता. आपल्यालाही ते जमते. फ्लेक्स करा, चित्र करा, हवा तो युनिकोड फॉन्ट लावा. फॉन्टने अक्षराचा आकडा बदलत नाही, फक्त कपडे बदलतात. चित्र टाकलेत तर खाली तोच मजकूर साध्या अक्षरांत लिहा. आणि मय्यत, रक्ताची गरज, हरवलेले मूल, फॉर्मवरचे नाव, यांत नक्षी नकोच. तिथे साधा 'अ', २३०९ आकड्याचा, पुरेसा आहे. तो हाफिजसाहेबांनाही ऐकू येतो.