टकटक करतोय तो टॅपेट, आणि गप्प बसलाय तो?

(भागाची सुरुवात: बोनेट उघडं, गाडी आयडलिंगला, बारा सेकंद फक्त इंजिनाचा आवाज.)

आत्ता ऐकलात तो आवाज शिलाई मशीनचा नाही. तो माझ्या मामाच्या प्रीमियर पद्मिनीचा आहे. हेडफोन लावले असतील तर पंधरा सेकंद मागे जाऊन परत ऐका. खाली इंजिनाची घरघर आहे आणि तिच्यावर एक बारीक, कोरडी टक-टक-टक, सेकंदाला सहा-सात वेळा. आजचा भाग या टकटकीचा.

मामाला हा आवाज अजिबात आवडायचा नाही. गेल्या वर्षी त्याने एका गॅरेजमध्ये सांगितलं, बाबा, एवढा आवाज तेवढा बंद कर. त्यांनी केला. अर्ध्या तासात, अगदी स्वस्तात. मामा खूश. चार महिन्यांनी गाडी चढावर दम टाकायला लागली, सिग्नलला थरथरायला लागली. दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलं, इंजिन गेलं, खाली उतरवावं लागेल, त्यापेक्षा भंगारात द्या. मामाच्या लग्नानंतर घरात आलेली ही पहिली गाडी. तो दोन दिवस कोणाशी धड बोललाच नाही.

इंजिन गेलं नव्हतं. झालं काय होतं ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं, ते तुम्ही अकरावी-बारावीत वाचलं असेल. हवा आत घ्यायला एक दार, धूर बाहेर सोडायला एक दार. हे दार म्हणजे व्हॉल्व्ह. तो उघडतो कॅमशाफ्टच्या उंचवट्यामुळे, आणि मध्ये टॅपेट, पुशरॉड, रॉकर आर्म अशी साखळी असते. या साखळीत कुठेतरी मुद्दाम एक फट ठेवावी लागते. मिस्त्री तिला सरळ 'गॅप' म्हणतात. ती किती? बऱ्याच इंजिनांत मिलिमीटरचा दहावा हिस्सा ते फार तर चार दहांश. कारण गरम झालं की लोखंड वाढतं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तर सातशे अंशांच्या घरात तापतो. थंड असताना गॅपच ठेवली नाही, तर तापल्यावर लांब झालेल्या व्हॉल्व्हला पूर्ण मिटायला जागाच उरत नाही.

गॅप आहे म्हणजे दर वेळी रॉकर ती पार करून व्हॉल्व्हच्या टोकावर आपटणार. तीच आपली टक. इथे एक छोटं गणित आहे, मला ते फार आवडतं. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे मारत असेल, तर एक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो. म्हणजे सेकंदाला सहा-सात टक. आवाज याच चालीत असेल तर संशय वरच्या मजल्यावर, व्हॉल्व्हच्या बाजूला. त्याच्या दुप्पट चालीत आणि जाडसर 'ठक' असेल, तर पिस्टन किंवा बेअरिंग. तेव्हा मात्र खिसा सांभाळा.

या आवाजाने वैतागलेला मामा हा काही पहिला माणूस नाही. अमेरिकेत चार्ल्स नाइट नावाचा एक गृहस्थ शेतकऱ्यांसाठी दुग्धव्यवसायाची पत्रिका काढायचा. फिरतीसाठी त्याने नॉक्स कंपनीची गाडी घेतली आणि तिच्या व्हॉल्व्हच्या खडखडाटाने त्याचं डोकं उठलं. आपण काय करतो, गाण्याचा आवाज वाढवतो. त्याने नवीन इंजिनच बनवलं! व्हॉल्व्ह काढूनच टाकले. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये वर-खाली सरकणाऱ्या नळ्या बसवल्या, त्यांना खिडक्या पाडल्या, खिडक्या समोरासमोर आल्या की हवा आत. आपटायला काही उरलंच नाही. १९०६ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्याने ती गाडी दाखवली, नाव ठेवलं 'सायलेंट नाइट'. इंग्लंडच्या डेम्लर कंपनीने हे इंजिन उचललं, आणि अमेरिकेत विलिस-नाइट गाड्या १९३३ पर्यंत निघत राहिल्या. किंमत काय मोजली? ती इंजिनं ऑइल प्यायची आणि मागे निळसर धूर सोडत जायची. आवाज गेला, धूर आला.

दुसरा उपाय जास्त टिकला. १९३० च्या कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरच्या इंजिनात ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारी रचना आली. हेच हायड्रॉलिक टॅपेट. आता गंमत बघा, त्यामुळे टकटकीचा अर्थच बदलला. हायड्रॉलिकवालं इंजिन सकाळी सुरू करताना दोन-चार सेकंद टकटकलं तर ठीक, ऑइल वर चढतंय. पण आवाज तसाच राहिला, तर आधी डिपस्टिक काढून ऑइल बघा. साध्या टॅपेटच्या इंजिनात मात्र हलकी टकटक म्हणजे सगळं ठीक. आवाज तोच, गाडीनुसार निदान उलटं. म्हणून व्हिडिओ बघून स्वतःच्या गाडीचा निकाल लावू नका.

आता पद्मिनीकडे. ही मूळची इटलीची फियाट ११००, १९५३ चं डिझाइन. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती मुंबईत कुर्ल्याला बनवायची. १९६४ मध्ये 'डिलाइट', पुढे १९७४ पासून 'पद्मिनी'. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, साधे टॅपेट. म्हणजे आठ व्हॉल्व्ह, आठ गॅप, आणि दर काही हजार किलोमीटरला टॅपेट सेटिंग. मुंबईच्या कितीतरी मिस्त्र्यांचे कान याच इंजिनावर तयार झाले.

ते करायचे काय? लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडाला. पॅरिसमध्ये १८१६ साली लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून पेशंटच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. युक्ती तीच, फक्त पेशंट लोखंडाचा. टोक हेडवर, मग ब्लॉकवर, मग पेट्रोल पंपावर. तो पंपही कॅमशाफ्टवरच चालतो, त्यामुळे टॅपेटच्याच चालीत टकटकून भल्याभल्यांना फसवतो. एक्झॉस्टच्या जोडावर गॅस्केट फाटलं असेल, तरी अशीच टिकटिक येते. फक्त ती गाडी थंड असताना जास्त आणि तापल्यावर बऱ्याचदा कमी होते, कारण धातू फुगून फट बुजते. मग एकेका प्लगची वायर काढून बघायची (उघड्या हाताने नाही, सणसणीत झटका बसतो). त्या सिलिंडरला जाळ मिळाला नाही की आवाज दबला, तर बेअरिंग. काहीच फरक नाही, तर टॅपेट. शेवटी वरचं झाकण काढून, इंजिन चालू ठेवूनच, फिलर गेजची पाती एकेका रॉकरखाली सरकवायची. ज्या पातीने आवाज थांबला, तो आरोपी.

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. तिथे सगळ्यात जास्त भीती एरर देणाऱ्या प्रोग्रॅमची नसते, काहीच न बोलता चुकीचं काम करणाऱ्याची असते. टॅपेटचं अगदी तसंच आहे. गॅप वाढली की आवाज वाढतो आणि तुम्हाला कळतं. गॅप कमी झाली की आवाज कमी होतो आणि तुम्ही खूश होता. पण व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकलेला असतानाच सोडतो. टेकलाच नाही, तर तापत राहतो आणि कडेने जळतो. कॉम्प्रेशन जातं, गाडी थरथरते.

बरं, गॅप काही फक्त माणसाच्या हातूनच कमी होते असं नाही. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप आपोआप खाल्ली जाते. जुन्या पेट्रोलमधलं शिसं सीटवर पातळ थर धरायचं, झीज कमी व्हायची. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. ते श्वासाच्या दृष्टीने उत्तमच झालं, त्यात वाद नाही. पुढे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी सीएनजीवर गेल्या, आणि हा कोरडा गॅस सीटला आणखी जड जातो. अशा टॅक्सीचं इंजिन हळूहळू शांत होत गेलं, तर ती सुधारत नव्हती. त्या टॅक्सी आता नाहीत. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ऑक्टोबर २००३ ची होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली.

तर, मामाची गाडी. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना घरीच बोलावलं. ते बोनेटजवळ गेले, मिनिटभर उभे राहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "साहेब, हिचा आवाज कुठे गेला?" झाकण काढलं. आठपैकी पाच टॅपेट इतके आवळलेले की सगळ्यात पातळ पातीही आत जाईना. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळलेला. हेड उतरवलं, तो व्हॉल्व्ह बदलला, बाकीचे घासून बसवले, आठही गॅप नीट लावल्या. इंजिन खाली उतरवायची गरज पडलीच नाही.

सुरुवातीला ऐकलात तो आवाज या कामानंतरचा. मामा परवा फोनवर म्हणाला, "अरे, ती अजून टकटकतेय." म्हटलं, टकटकू दे.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर सकाळी थंड इंजिन सुरू करतानाचा अर्धा मिनिट रेकॉर्ड करून पाठवा. फोन बोनेटपासून दोन फूट लांब धरा, पंख्याच्या वाऱ्यात नको. कोणती गाडी, कोणतं साल, आणि आवाज तापल्यावर वाढतो की कमी होतो, एवढं लिहा. मिस्त्रीकाका ऐकायला तयार आहेत.