जयपूरचा पाय आणि स्टेडियमची पायरी

जयपूर म्हटलं की आपल्याला हवामहल आठवतो आणि पाठोपाठ ‘जयपूर फूट’. आपल्याकडे कृत्रिम पायांची शिबिरं भरतात, त्यांच्या फलकांवर हे नाव हमखास असतं. आज त्या पायाची गोष्ट एका वेगळ्याच प्रश्नासाठी सांगतो. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत, त्यानं स्टेडियममध्ये बसून फुटबॉलचा सामना पाहायचा कसा?

१९६० च्या दशकाचा शेवट. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे डॉक्टर होते. तेव्हा मिळणारा कृत्रिम पाय परदेशी धाटणीचा होता. माणूस बूट घालणार, सपाट जमिनीवर चालणार आणि खुर्चीवर बसणार, असं धरून तो बनवलेला. आपला शेतकरी मात्र अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. त्यामुळे लोक तो पाय बाजूला ठेवून पुन्हा कुबड्या घेत. मग कारागीर रामचंद्र शर्मा, म्हणजे सगळ्यांचे ‘मास्टरजी’, यांनी सेठींच्या साथीनं रबराचा नवा पाय घडवला. त्याला बूट लागत नव्हता आणि उकिडवं बसताना तो वाकतही होता. १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय मोफत, लाखो लोकांपर्यंत पोचला. १९८१ मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे यश कशामुळे आलं? हा माणूस रोज जगतो कसा, हे आधी विचारलं गेलं, म्हणून. पण या उपायाला एक मर्यादाही होती. बदलायचं ते माणसाच्या शरीरात, बाहेरचं जग आहे तसंच. ज्याला व्हीलचेअरच लागते, त्याला कोणताही कृत्रिम पाय स्टँडच्या पायऱ्या चढवू शकत नाही. तिथे पायरीच बदलावी लागते.

हा विचार कायद्यात हळूहळू आला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात रॅम्पचा उल्लेख होता, पण सरकारच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत मनोरंजनाच्या जागाही घेतल्या. जुन्या इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. पुढे राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं न्यायालयानं बजावलं.

इंग्लंडमध्ये दिव्यांग फुटबॉलप्रेमींची राष्ट्रीय संघटना १९९८ मध्ये उभी राहिली. युरोपभर असं काम करणारी संस्था २००९ मध्ये आली. त्यांच्या अनुभवातून कळतं की नुसता रॅम्प पुरत नाही. गोल झाला की पुढचे प्रेक्षक उभे राहतात आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला फक्त पाठी दिसतात. म्हणून त्याची जागा उंचावर हवी. सोबत्याची खुर्ची शेजारीच हवी, मागे नको. स्वच्छतागृह जवळ हवं. अंध प्रेक्षकासाठी चेंडू कुठे आहे, कोण धावतंय, हे कानात सांगणारं खास समालोचन हवं. आणि रॅम्प म्हणजे घसरगुंडी नव्हे. एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी लागते.

जयपूरला व्यावसायिक फुटबॉल अलीकडेच आला. राजस्थान युनायटेड २०२१-२२ च्या मोसमात आय-लीगमध्ये उतरला आणि पुढे विद्याधर नगर स्टेडियमवर घरचे सामने खेळला. याच शहराच्या अवनी लेखरा हिनं टोकियो पॅरालिम्पिकमध्ये व्हीलचेअरवरून नेमबाजीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा देशानं टाळ्या वाजवल्या. पण पदक न जिंकणारा, नुसता तिकीट काढून सामना बघू इच्छिणारा माणूसही त्याच हक्काचा धनी आहे.

तेव्हा मंडळी, पुढचा सामना पुण्यात बघा, गोव्यात बघा की जयपुरात, फाटकापासून खुर्चीपर्यंतची वाट एकदा नीट पाहा. व्हीलचेअर कुठे अडेल? अडत असेल, तर आयोजकांना लेखी कळवा. त्यांनी दाद दिली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्राचं ते कार्यालय पुण्यात आहे.