सळया सोडून बांधलेला संगणक

मागच्या व्याख्यानानंतर दोन पोरं थांबली होती. मला वाटलं निजामाच्या महसुलाबद्दल शंका असेल. एकानं वहीतलं पान पुढं केलं. त्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, कॅबिनेट असं लिहिलेलं, प्रत्येकापुढं रुपयांचा आकडा आणि खाली बेरीज पन्नास हजार. "सर, एवढ्यात गेमिंग पीसी बसतो का?" मी म्हटलं, मी इतिहासाचा मास्तर, माझ्या उत्तराला वेळ लागतो. पुढच्या वेळी या, उत्तर देतो. ती दोघं आज इथं बसलीत, म्हणून आजचा विषय हा.

सुरुवात घरापासून करू. हिंगोलीतल्या कुठल्याही नव्या वस्तीत जा, निम्म्या घरांच्या स्लॅबवर कॉलमच्या सळया उघड्या सोडलेल्या दिसतात. पाहुणा म्हणतो, घर अर्धवट आहे. आपल्याला ठाऊक असतं की तसं नाही. आज दोन खोल्यांपुरते पैसे होते, दोन खोल्या झाल्या. पोरगं कमावतं झालं की वर चढवू. मात्र पाया घालताना वरच्या मजल्याचा हिशोब धरलेला असतो. असेंबल्ड संगणकाचा इतिहास म्हणजे याच सळयांचा इतिहास आहे, असं माझं मत आहे.

१२ ऑगस्ट १९८१ला आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाईत बनवलेला होता, त्यामुळं कंपनीनं सगळं स्वतः घडवलं नाही. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणि बोर्डावर मोकळे स्लॉट, म्हणजे ज्याला जे कार्ड खोचायचं त्यानं खोचावं. वर त्यांनी यंत्राची तांत्रिक माहिती पुस्तकातून छापून टाकली. कॉम्पॅक कंपनीनं त्यातला बायोस नव्यानं लिहिला आणि १९८२मध्ये तसंच चालणारं यंत्र जाहीर केलं. मग तैवान वगैरे देशांतून सुट्या भागांचा पूर आला. संगणक ही एक वस्तू राहिली नाही, ती वस्तूंची यादी झाली. त्या पोरांच्या वहीतलं पान जन्माला आलं ते तिथं.

आपल्याकडं मात्र त्या यादीला परवाना लागायचा. आयबीएम स्वतः १९७८मध्ये भारतातून गेलेली. नोव्हेंबर १९८४मध्ये राजीव गांधी सरकारचं नवं संगणक धोरण आलं, तेव्हा आयात थोडी सैल झाली. खरा फरक पडला तो पुढं. १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५पर्यंत संगणक आणि त्याच्या बहुतेक भागांवरचं आयात शुल्क शून्यावर यायचं ठरलं. गेमिंगच्या गप्पांत या कराराचं नाव कुणी घेत नाही. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा मदरबोर्ड मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात आला, त्यात या कागदाचा वाटा मोठा आहे.

लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ही एकेकाळी सिनेमाची गल्ली. नाझ तिथलं आणि 'शोले' पाच वर्षं चालला ते मिनर्व्हाही तिथलं. मग रेडिओचे भाग विकणारी दुकानं आली आणि पुढं त्याच काउंटरवर रॅम विकायला लागली. पुण्यात तेच काम बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीनं केलं. आणि आपण? आपण १९५६पर्यंत हैदराबाद संस्थानाचे आणि मग हैदराबाद राज्याचे. ती पायवाट अजून बुजलेली नाही. नांदेडहून रात्रीची गाडी धरायची, सकाळी सिकंदराबादला उतरायचं, पार्क लेनवरच्या चिनॉय ट्रेड सेंटरला जायचं आणि संध्याकाळी पिशवीत प्रोसेसर घेऊन परतायचं. आमच्या पिढीत हे केलेले पुष्कळ आहेत. महसूल बदलतो, जिल्हे बदलतात (आपला जिल्हाच मुळी १ मे १९९९चा), पण बाजाराची वाट लोक सहजासहजी सोडत नाहीत.

एमएस-सीआयटीचाही यात हात आहे. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली, पाठोपाठ हा कोर्स आला, आणि सरकारी नोकरीसाठी तो लागतो म्हटल्यावर तालुक्यातालुक्यात संगणक केंद्रं निघाली. दहा संगणक लावायचे तर ब्रँडेड कोण घेणार? असेंबल्डच घ्यायचे. ते जोडणारी, बिघडले की उघडणारी पोरं गावात तयार झाली. दिवसा तिथं वर्ड आणि एक्सेल, रात्री शटर अर्धं ओढून काउंटर-स्ट्राइक. सरकारनं शिकवायला पैसा ओतला आणि पोरं भलतंच शिकली, पण ते भलतंच जास्त टिकलं.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण पोरांना खरं उत्तर तिच्यातच आहे.

२००४ साली आमच्याकडं हळद बरी झाली. मी कॉलेजात. संगणक अभ्यासाला पाहिजे म्हणून वडिलांना सांगितलं, आणि मनात होतं व्हाइस सिटी. दुकानदारानं यादी केली. बजेट पार झालं. मी म्हटलं, ग्राफिक कार्ड काढायचं नाही. तो म्हणाला, मग कॅबिनेटसोबत जो एसएमपीएस फुकट येतो तो ठेवू, चारशे वॅटचा आहे, धावतो. मी खूश. फुकट मिळालेल्या वस्तूत काय वाईट असणार!

२००६च्या उन्हाळ्यात भारनियमन किती होतं ते इथल्या मोठ्या माणसांना आठवत असेल. दुपारी लाइट गेली, चारच्या सुमारास आली, आणि आली ती अशी की ट्यूबलाइट निळी झाली. टेबलाखालून टप्प असा आवाज आला आणि जळका वास. एसएमपीएस गेला. गेला तो गेला, जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. हार्ड डिस्कवर माझा वर्षभराचा प्रकल्प होता. ग्राफिक कार्ड तेवढं वाचलं, म्हणजे ज्याच्यासाठी सगळं केलं ते शाबूत आणि त्याला खोचायला बोर्ड नाही.

वडील रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "यातलं कमीत कमी काय बदलावं लागतं?"

विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी हाच प्रश्न विचारतो. वायंडिंग गेलंय की बेअरिंग? आख्खी मोटार कुणी बदलत नाही. मला तो प्रश्न दुकानात विचारता आला नव्हता. मी विचारलं होतं, जास्तीत जास्त काय मिळतं.

म्हणून एसएमपीएसबद्दल दोन मिनिटं जास्त घेतो. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं, ते वाचायचं नाही. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टचा रकाना बघायचा, कारण आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही मुख्यतः तिथून जेवतात. तिथं १४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. आता आरएक्स ६६०० हे मध्यम कार्ड घ्या, त्याला एकट्याला १३२ वॅट लागतात. आय-थ्री १२१००एफ प्रोसेसर जोरात पळाला की ८९ वॅटपर्यंत जातो. झाले २२१. डबा म्हणतो ४५०, तक्ता म्हणतो १६८, गरज २२१ची. अशा वेळी काय होतं ते मी ऐकलंय. यूपीएसचंही तसंच, ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, आणि त्यात मॉनिटरही आला.

हे वॅटचं गणित छोट्या गावांनी फार आधी ओळखलं होतं. फेब्रुवारी २०१४मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स ७५० टीआय आलं. मोठ्या शहरातले शौकीन त्याला किरकोळ म्हणायचे. पण ते फक्त ६० वॅट खायचं. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो, म्हणजे वेगळी वायर जोडायचीच गरज नाही. एमएस-सीआयटी केंद्रानं विकायला काढलेला जुना पीसी आणायचा, त्यात हे खोचायचं, झाला गेमिंग पीसी. ऑक्टोबर २०१६मध्ये १०५० टीआय आलं, तेही त्याच ७५ वॅटमध्ये बसणारं. जिथं लाइटचा भरवसा नाही तिथं कमी खाणारं कार्ड हेच चांगलं कार्ड, हा शहाणपणा कुठल्या चाचणीच्या आलेखात दिसत नाही.

आता सळयांकडं येऊ. ऑक्टोबर २०१७मध्ये इंटेलनं आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले. सॉकेटच्या पिना आधीच्या एवढ्याच, ११५१, पण जुन्या बोर्डावर अधिकृतपणे चालत नाहीत. म्हणजे तुम्ही सळया सोडल्या होत्या आणि पालिकेनं सांगितलं की वरचा मजला या मापात मंजूर नाही. त्याच वर्षी एएमडीचा रायझन एएम४ सॉकेटवर आला होता. कंपनीनं तो सॉकेट वर्षानुवर्षं टिकवला. २०१७च्या अनेक बोर्डांवर, बायोस अपडेट करून, २०२२चा रायझन ५ ५६०० चालतो. पाच वर्षांनी प्रोसेसर बदलायचा आणि बाकी घर तसंच! एएमडीनं हे धर्मादाय म्हणून केलं नाही, तिला बाजार परत मिळवायचा होता. पण फायदा आपला झाला.

फेब्रुवारी २०१८चा रायझन ३ २२००जी मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मराठवाडी प्रोसेसर वाटतो. त्याच्या पोटातच कामापुरतं ग्राफिक होतं. तेव्हा क्रिप्टोच्या खाणकामवाल्यांनी ग्राफिक कार्डांचे भाव आभाळाला नेलेले. कार्ड न घेता हा बसवायचा, रॅमच्या एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या लावायच्या (पोटातलं ग्राफिक रॅमवरच जगतं, दोन पट्ट्यांनी त्याचा वेग चांगलाच वाढतो), हलके गेम खेळायचे आणि कार्डाची खोली पुढच्या वर्षी चढवायची. ज्यांनी धीर धरला त्यांचं भलं झालं. २०२१मध्ये भाव पुन्हा तसेच भडकले, आणि १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमनं खाणकामाची पद्धतच सोडली तेव्हा वापरलेली कार्डं बाजारात ओतली गेली. अशी कार्डं घ्यावीत का? घ्यावीत, पण समोर अर्धा तास गेम चालवून आणि पंख्याचा आवाज ऐकून. कुरिअरनं मागवू नयेत.

आज पाळी रॅमची आहे. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि भाव चढले. मायक्रॉननं डिसेंबरमध्ये क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. दर तीन-चार वर्षांनी कुणीतरी श्रीमंत गिऱ्हाईक येतं आणि यादीतला एक भाग उचलून नेतं. तो भाग त्या वर्षी कमीत कमी घ्यायचा, स्लॉट मोकळा ठेवायचा आणि वाट बघायची.

जाता जाता एक गोष्ट, औंढ्याची पोरं आहेत म्हणून. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहतेय, २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २६०० कोटी मंजूर केले. लायगोच्या नोंदींत न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरी शोधायला आइनस्टाइन ॲट होम नावाचा प्रकल्प २००५पासून चालू आहे, आणि तो चालतो लोकांच्या घरच्या संगणकांवर. तुमचा संगणक रिकामा असताना तिथली गणितं करतो, आणि त्यात गेमसाठी घेतलेलं ग्राफिक कार्ड फार उपयोगी पडतं. घरी "हे कार्ड कशाला?" असं विचारलं तर हे उत्तर खरं आहे. वीजबिल मात्र तुमचं.

तर ते वहीचं पान. ते मी घरी नेलं होतं, परत आणलंय. पोरांनो, तुमच्या यादीत रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणि दिव्यांचे पंखे मिळून साडेसहा हजार आहेत, आणि एसएमपीएसपुढं लिहिलंय 'कॅबिनेटसोबत'. ते मी खोडलं. कॅबिनेट साधं, पुढून जाळीचं. आपल्याकडं मे महिन्यात ४२ डिग्री असते, हळदीच्या दिवसांत धूळ वेगळी, तेव्हा महिन्यातून एकदा ब्रश मारायचा. उरलेल्या पैशात नीट एसएमपीएस, सांगितलेला तक्ता वाचून. बोर्ड चार रॅम स्लॉटचा, रॅम सध्या कामापुरती. प्रोसेसर तुम्ही 'एफ' लिहिलाय, म्हणजे पोटात ग्राफिक नसलेला. त्यात थोडे पैसे वाचतात, पण उद्या कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळी, आणि दुरुस्तीला इथून नांदेड नाहीतर संभाजीनगर. म्हणून मी बिनएफचा लिहिला.

आता बेरीज एक्कावन्न हजार चारशे होते. ग्राफिक कार्ड तुम्ही निवडलेलं मी काढलं नाही, त्याच्यापुढं फक्त 'दिवाळीनंतर' असं लिहिलंय. ते काढलं तर आज साधारण बत्तीस हजार लागतात. घरी दाखवा, आणि वडिलांनी काय विचारलं ते मला येऊन सांगा.